जैसलमेर ते तनोट पळत: वाळू, बूट आणि दोन खेपांच्या नोंदी

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

आजपासून सगळं लिहून ठेवतेय, कारण मी आणि दादा (आमच्या सोसायटीतले, वय ५६, माझ्यापेक्षा १४ वर्षांनी मोठे आणि चढाला माझ्यापेक्षा दमदार) गेले दोन महिने शोधतोय तर वाळवंटात पळण्याबद्दल मराठीत कामाचं काहीच सापडत नाही. सहारातली ती मोरोक्कोची प्रसिद्ध शर्यत आहे, मॅराथॉन दे साब्ल, साधारण २५० किमी, १९८६ पासून चालू, तिच्याबद्दल भरपूर वाचलं. पण ती आमच्या खिशाला परवडणारी नाही, मग थरचं वाळवंट तर आपलंच आहे. दादांचे वडील १९७१ च्या युद्धात सैन्यात होते, दुसऱ्या आघाडीवर, पण लोंगेवालाच्या लढाईची गोष्ट घरात लहानपणापासून ऐकलेली. त्यामुळे रस्ता शोधावाच लागला नाही.

ठरलं ते असं: जैसलमेर ते रामगड सुमारे ६५ किमी, रामगड ते लोंगेवाला ४३, लोंगेवाला ते सरहद्दीजवळचं तनोट ३८. तीन दिवस. डांबरी रस्ता आहे पण शक्य तिथे कडेच्या वाळूतून पळायचं, नाहीतर त्याला वाळवंट का म्हणायचं. सोबत एक गाडी, गाडीत माझा नवरा, पाणी आणि सामान. स्पर्धा नाही, आयोजक नाही, चूक झाली तर आपलीच.

२० ऑक्टोबर, रविवार

पुण्यात वाळू नाही ही पहिली अडचण. वेताळ टेकडी आणि तळजईवर मुरूम आहे, घोटे त्याने तयार होतात पण पाय रुतत नाही. म्हणून काल ताम्हिणीतून दिवेआगरला गेलो, आज पहाटे भरती-ओहोटी बघून चार किमीच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारल्या, एकूण २४ किमी.

ओल्या वाळूत काही कळत नाही, ती रस्त्यासारखीच. खरी मेहनत वरच्या कोरड्या वाळूत, सुरूच्या झाडांकडच्या बाजूला. तिथे माझा पेस किमीला साडेसात मिनिटांवरून थेट दहावर गेला आणि धाप तेवढीच. नंतर वाचलं की बेल्जियमच्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे मोजलंय, वाळूत पळायला टणक जमिनीच्या १.६ पट ऊर्जा लागते आणि चालायला २.१ ते २.७ पट. म्हणजे वाळूत 'दमलो की चालू' हा हिशोब नीट बसत नाही, चालणंही महागच पडतं. तेव्हा तीन दिवसांचं वेळापत्रक आजच नव्याने मांडलं, किमीला नऊ मिनिटं धरली होती ती साडेदहा केली.

बुटांवर ट्रेलचे तयार गेटर लावले होते, घोट्याभोवती कापड, पुढे लेसला आकडा आणि मागे टाचेला वेलक्रोचा छोटा तुकडा. २४ किमी झाल्यावर बूट झटकला तर चिमूटभर वाळू. आम्ही दोघं खूश. गेटरचा विषय संपला असं मी त्या दिवशी वहीत लिहिलंय. ते किती चुकीचं होतं ते पुढे येईलच.

२४ नोव्हेंबर, रविवार

सिंहगड आज तीन वेळा वर-खाली, पाठीवर चार किलो. दिवाळीनंतर दोघांचंही वजन दीड-दोन किलोने वाढलंय. गुडघे ठीक.

खाण्याची यादी झाली. मोरोक्कोच्या शर्यतीत दिवसाला किमान २००० कॅलरीचं खाणं स्वतःच्या पाठीवर न्यावं लागतं, तो आकडा आम्ही खालची मर्यादा म्हणून धरला. शेंगदाणा चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळपापडी, केळी. जवळजवळ सगळं गोड आहे हे तेव्हा लक्षातच आलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार. पहिली खेप, पहिला दिवस

पौर्णिमेचा आदला दिवस मुद्दाम धरला होता. पहाटे पाचला जैसलमेरहून निघालो तर चांदण्यात रस्ता लख्ख, बॅटरी लावावीच लागली नाही. पण थंडी! गाडीत तापमान ७ दाखवत होतं आणि वाऱ्यात बोटं आखडली, मोजे हातात घालून पळाले. वाळवंट म्हटलं की ऊनच डोक्यात येतं, आम्ही टोप्या आणि सनस्क्रीन आठवणीने घेतलं आणि हातमोजे विसरलो. नऊ वाजेपर्यंत गारठा, अकरानंतर मात्र घाम.

चिक्की थंडीत दगड झाली होती, दादांच्या दाढेचं जुनं फिलिंग निघालं. नंतर चिक्की खिशात अंगाशी धरून मऊ करायची आणि मग खायची असं चाललं. दुपारपर्यंत गोड नकोसं झालं, खजूर बघूनच मळमळ. ड्रायव्हर भाईजींनी त्यांच्या डब्यातली बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी दिली, ती दोघांनी अक्षरशः ओरपली.

पवनचक्क्या मैलोनमैल. पहिले ४० किमी आम्ही बहुतेक डांबरावरूनच गेलो, मग कडेच्या वाळूत उतरलो. तिथून पुढचं सगळं बिघडलं पण त्या क्षणी कळलं नाही. बुटात जरा भरलंय असं वाटत होतं, म्हटलं मुक्कामाला झटकू. ६५ किमीला ११ तास ४० मिनिटं.

रामगडला खोलीत मोजा काढला तर तळपायाला वाळूचा थर चिकटलेला, घामाने लापशी झालेला. उजव्या पायाला तीन फोड, डाव्याला दोन, त्यातला एक टाचेखाली रुपयाएवढा. गेटर जागच्या जागी होते. मग वाळू आली कुठून? बुटाच्या वरच्या जाळीतून. दिवेआगरची वाळू जाड आहे, इथली पिठासारखी, जाळीतून सरळ आत येते. घोट्यापाशी दार लावलं आणि खिडक्या उघड्या ठेवल्या, असं झालं.

१५ डिसेंबर, रविवार. सोडलं

फोड सुईने फोडले, स्पिरिट, वर टेप. सकाळी निघालो. बारा किमी झाले. टेपच्या कडेखाली पुन्हा वाळू गेली आणि टेपच कातडी घासायला लागला. मी लंगडतेय म्हणून डाव्या गुडघ्यावर भार.

पण थांबायचं खरं कारण दादा. त्यांना सकाळपासून मळमळ, डोकं जड, अंगठी बोटात रुतलेली, घड्याळाचा पट्टा दोन भोकं सैल केला होता. मला वाटलं पाणी कमी पडलं म्हणून मी त्यांना आणखी पाणी प्यायला लावत होते, हे लिहिताना आजही वाईट वाटतं. आदल्या दिवशी ते साडेआठ लिटर नुसतं पाणी प्यायले होते आणि मीठ जवळजवळ शून्य, कारण सगळं खाणं गोड. नवरा म्हणाला, "दादा, हात बघा तुमचे, सुजलेत. पाणी कमी नाही, जास्त झालंय." तिथेच गाडीत बसवलं, पाणी बंद आणि खारे शेंगदाणे. जैसलमेरला डॉक्टरांनी तपासलं, रक्तात सोडियम कमी निघालं, संध्याकाळपर्यंत निरीक्षणाखाली ठेवलं. रात्री ठीक झाले.

एकूण ७७ किमी. परतीच्या गाडीत दोघंही फार बोललो नाही.

खर्च, तिघांचा: ट्रेन ९,६००, गाडी तीन दिवस १५,०००, राहणं ७,५००, खाणं-औषधं ४,२००, ते तयार गेटर दोन जोड ३,८००. बेरीज ४०,१००.

२९ डिसेंबर, रविवार

फोड भरले. दादा वहिनींची परवानगी मिळेपर्यंत पंधरा दिवस गप्प होते, आज सकाळी चहाला आले आणि म्हणाले, फेब्रुवारीत जाऊ, पण आधी बूट. मी हो म्हटलं.

उपाय तसा माहितीतला आहे, सहारात पळणारे लोक हेच करतात: बुटाच्या संपूर्ण कडेने, जिथे सोल आणि वरचा भाग जुळतो तिथे, वेलक्रोची पट्टी लावायची आणि पूर्ण बूट झाकणारं कापड त्यावर बसवायचं. म्हणजे जाळीही झाकली जाते. प्रश्न एवढाच की ते पुण्यात करून कोण देणार.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आधी स्वतः चिकटवून बघितलं. रविवार पेठेतून २५ मिमी वेलक्रो चार मीटर आणला, रबर सोल्युशन लावलं, रात्रभर दाबून ठेवलं. सकाळी वेताळ टेकडीवर १५ किमी, छान टिकलं. मग बूट दुपारी गच्चीत उन्हात दोन तास ठेवले आणि पुन्हा पळाले, चौथ्या किमीला पुढची पट्टी उलगडून लोंबायला लागली. उन्हाने गोंद मऊ होतो. ज्यांना हे करायचंय त्यांनी नुसत्या गोंदाच्या नादी लागू नका, माझा आठवडा गेला.

९ जानेवारी, गुरुवार

शिवून घ्यायचं. तीन ठिकाणी नाही म्हणाले, बूट नवे आहेत, खराब होतील, मशीन पुढे बोटांपाशी पोचत नाही. मग नवऱ्याच्या ऑफिसजवळ फुटपाथवर बसणारे काका भेटले. त्यांनी बूट हातात घेऊन आत बोटं घालून बघितलं, सोल वाकवला, आणि विचारलं, "ताई, हे कशासाठी?" सगळं सांगितलं. ते म्हणाले मशीनचं कामच नाही, आरीने हातशिलाई करावी लागेल, एका बुटाला दीड तास, अडीचशे रुपये. मी घासाघीस केली नाही आणि कोणी करू नये, ते काम बघितल्यावर कळेल.

१२ जानेवारी, रविवार

पहिला बूट मिळाला. आतलं पॅड काढून, दोऱ्याला मेण लावून, बारीक टाका, वेलक्रो गोंदाने आधी चिकटवलेला आणि वर शिलाई, त्यामुळे ओढून निघत नाही. मऊ बाजू बुटावर, काटेरी बाजू कापडावर घ्यायची असं ठरवलं. देखणं काम.

आणि १८ किमीत करंगळी सोलली! टाके आतल्या बाजूने करंगळीला घासत होते. उद्या काकांकडे.

१५ जानेवारी, बुधवार

काकांनी आतून टाक्यांवर पातळ अस्तराच्या चामड्याची पट्टी चिकटवून दिली, कडा रापीने इतक्या तासल्या की बोटाला लागत नाहीत. पण आता बूट आतून घट्ट. लांब पळताना पाय सुजतातच, त्यात हे. म्हणजे एक नंबर मोठे बूट घ्यायला हवे होते आधीच. ५ नंबरचे बूट बाजूला, ६ नंबरचे नवे घेतले, दादांनीही. दोन जोड १७,०००. हा सगळ्यात महागडा धडा, म्हणून ठळक सांगते: आधी मोठा बूट, मग वेलक्रो.

काल संक्रांत होती, सासूबाईंनी गुळपोळ्या केल्या त्यातल्या चार दोन दिवस पिशवीत तशाच ठेवून बघणार आहे, टिकतात का, चुरा होतो का.

१९ जानेवारी, रविवार

कापडाचा प्रश्न नणंदेने सोडवला, ताई ब्लाउज शिवतात. मी जुन्या छत्रीचं कापड नेलं होतं, वाळू जाणार नाही या हिशोबाने. त्याचा जोड शिवून टेकडीवर १० किमी पळाले, वाळू जाईल न जाईल पण घामही जात नाही, मोजे पिळून निघाले. ओला पाय म्हणजे फोड हमखास, डिसेंबरात पाहिलंच.

मग ताईंनीच परीक्षा काढली. काळ्या ताटावर कापड ताणून धरायचं, वर मूठभर पांढरी रांगोळी, आणि शंभर वेळा हलवायचं. लायक्रातून ताट पांढरं झालं. मलमल तर विचारूच नका. छत्रीतून काही नाही. घट्ट विणीच्या पॉपलिनमधून अगदी पुसटशी रेघ, आणि दुहेरी पॉपलिनमधून तीही नाही. रांगोळी तिथल्या वाळूपेक्षा बारीकच असेल. ठरलं, घोट्याला एकेरी पॉपलिन आणि चवड्यावर दुहेरी, वर इलॅस्टिक पोटरीच्या अर्ध्यापर्यंत. रंग पांढरा, ऊन कमी धरतं म्हणून.

कापड दीड मीटर २४०, इलॅस्टिक ६०, वेलक्रो १००, चामड्याची पट्टी ६०, शिलाई चार बुटांची १,०००. एकूण १,४६०. त्या ३,८०० च्या तयार गेटरसमोर.

२ फेब्रुवारी, रविवार

कात्रज ते सिंहगड रात्री, मग खाली उतरून खडकवासल्यापर्यंत, नवे बूट, नवे गेटर. फोड नाही. खाण्याचीही तालीम केली: दशमी आणि शेंगदाण्याची चटणी, खारे शेंगदाणे, भाकरवडी, गुळपोळी तुपाचा हात लावून. गुळपोळी पिशवीत मोडते पण चव जात नाही, डबीत ठेवायची. चिवडा बाद, तोंड कोरडं असताना घशात अडकतो.

पाण्याचा नियम: तहान लागली तरच, आणि दर दुसरी बाटली ओआरएसची. पुडी बरोबर एक लिटरची असते, ती एक लिटरमध्येच घालायची, दादा अर्ध्या लिटरमध्ये घालत होते. दर मुक्कामाला वजन करायचं, साधा बाथरूमचा काटा गाडीत. सकाळपेक्षा वजन वाढलेलं दिसलं की पाणी थांबवायचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. जैसलमेर

आधी १० तारखेच्या आसपास यायचं होतं, पण माघ पौर्णिमेला इथे मरू महोत्सव असतो, खोल्यांचे भाव पाहून पुढे ढकललं. तेच भाईजी, तीच गाडी. त्यांनी गेटर बघितले आणि म्हणाले, इस बार भुरट का ध्यान रखना.

भुरट म्हणजे इथलं काटेरी गवत, त्याची बोंडं कपड्याला चिकटतात आणि काटे बोटात मोडतात. डिसेंबरात मोज्यांना लागली होती, मी विसरलेच होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार. जैसलमेर ते रामगड

पहाटे १३ अंश, हातमोजे होते. ११ तास ५५ मिनिटं, म्हणजे गेल्या वेळेपेक्षा हळू, पण या वेळी वीस किमीपासूनच वाळूत उतरलो होतो. बूट उघडला तर चमचाभर धूळ, बस. पायाला काही नाही. मी तिथेच रडले.

एक चूक: ३८ किमीला विश्रांतीला खाली बसून गेटर उघडले. वेलक्रोच्या मऊ बाजूत भुरटाची बोंडं घुसली आणि पट्टी नीट लागेना. जुना दातांचा ब्रश आणि कंगवा घेऊन पंचवीस मिनिटं नवरा ती उपसत होता. यापुढे गेटर फक्त गाडीत, सतरंजीवर पाय ठेवून उघडायचे.

दादांचं वजन सकाळपेक्षा दीड किलो कमी. अंगठी सैल. छान.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. रामगड ते लोंगेवाला

रामगड सोडलं की मोबाईलची रेंज जाते-येते. म्हणून नियम ठेवला होता की रस्ता नजरेआड होईल एवढं आत जायचं नाही, शिट्टी गळ्यात, ओळखपत्रं मूळ प्रती. १९९४ मध्ये सहाराच्या शर्यतीत मौरो प्रोस्पेरी नावाचा इटालियन धावपटू वादळात रस्ता चुकून अल्जिरियात पोचला होता, कित्येक दिवसांनी सापडला. सरहद्दीजवळ आपल्याला तसलं काही परवडणारं नाही.

टेकाडं इथून खरी सुरू होतात, वाळू रस्त्यावर आलेली. शिकलो ते हे: वारा ज्या बाजूने येतो तो चढ टणक असतो, तिथून चढायचं, पलीकडची घसरती बाजू पोटरीपर्यंत पाय घेते, तिथे पळायचा हट्ट धरू नये, टाचा रोवत उतरावं. मी पहिल्याच टेकाडावर उलट गेले आणि सव्वाशे पावलांत दम गेला.

दुपारी ३० अंशाच्या आसपास. ४३ किमीला ९ तास १० मिनिटं.

लोंगेवालाला त्या लढाईचे रणगाडे ठेवलेत. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबचे साधारण १२० जवान इथे रणगाड्यांसमोर उभे राहिले, सकाळी हवाई दलाची विमानं येईपर्यंत. दादा एका खंदकाच्या कडेला बूट न काढता अर्धा तास बसले होते. मी त्यांना हाक मारली नाही. नवऱ्याने लांबूनच दशमी आणून ठेवली.

२२ फेब्रुवारी, शनिवार. लोंगेवाला ते तनोट

सर्वात कमी अंतर आणि सर्वात अवघड. डाव्या पायाची नडगी ठणकत होती, दहा मिनिटं पळणं आणि पाच मिनिटं चालणं असं लावून घेतलं. १९ किमीला उजव्या गेटरच्या चवड्यावर दुहेरी पॉपलिन झिजून भोक पडलं, वाळूने कापड किसणीसारखं घासलं जातं. वर फोडांसाठी आणलेला टेप आडवा-उभा लावला, तो शेवटपर्यंत टिकला. जादा गेटर शिवून आणायला हवा होता, ताई म्हणतही होत्या.

शेवटचे सहा किमी दादा पुढे, मी मागे. ८ तास ३५ मिनिटं. तनोटमातेच्या देवळात बीएसएफचे जवान होते, त्यातले एक सोलापूरचे निघाले, आमचं मराठी ऐकून पळत आले. १९६५ आणि १९७१ मधले न फुटलेले बॉम्ब देवळात मांडलेत. जवानाने चहा दिला, आमचे बूट बघून विचारलं हे पांढरं काय, मग त्यांना पूर्ण उघडून दाखवलं.

घड्याळाप्रमाणे एकूण १४६ किमी आणि थोडं वर. फोड: मला एक, दादांना शून्य.

दुसऱ्या खेपेचा खर्च: ट्रेन ९,६००, गाडी चार दिवस २०,०००, राहणं ९,०००, खाणं ३,५००, बूट १७,०००, गेटरचं सगळं १,४६०. म्हणजे ६०,५६०.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. पुणे

बूट काकांना दाखवायला नेले. डाव्या टाचेपाशी साधारण तीन सेंटिमीटर शिलाई उसवलीय, तिथे टाच जमिनीवर आदळताना ओढ येते. काका म्हणाले पुढच्या वेळी तिथे दोन ओळी घालू, आणि चवड्यावर कापडाऐवजी पातळ चामड्याचा तुकडा लावून बघू का. मी म्हटलं त्याने घाम धरेल. ते म्हणाले भोकं पाडून देतो, बारीक, वाळू जाणार नाही अशी. एक बूट त्यांच्याकडेच ठेवून आलेय, मंगळवारी मिळेल, मग रांगोळी घेऊन ताईंकडे जायचंय.